मार्टिन शोनगाउअर आणि ताम्ररेषेची कला

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे काढण्याची कला जर्मन भाषक प्रदेशातील सोनारांच्या दुकानांतून बाहेर पडली आणि पाहता पाहता चित्रकलेच्या बरोबरीने उभी राहिली. या स्थित्यंतराला अनेक ज्ञात-अज्ञात कारागिरांचा हातभार लागला असला, तरी त्याला निश्चित रूप देणारा कलावंत म्हणून कोल्मार येथील मार्टिन शोनगाउअर याचेच नाव कलेतिहासात घेतले जाते. त्याने कोरलेली ११६ मुद्राचित्रे आज ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक तळहाताएवढी किंवा वहीच्या पानाएवढी असूनही त्यांचा ठसा स्पेनपासून पोलंडपर्यंतच्या चित्रकार, शिल्पकार आणि सोनारांच्या कामावर उमटला. शोनगाउअरचे हस्तकौशल्य असामान्य होते हे खरेच. परंतु त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याहून वेगळ्या गोष्टीत आहे. त्याने पत्र्यावरील रेषांना अशी शिस्त लावली, की तिचे नियम केवळ ठसा पाहून दुसऱ्या कलावंताला उमगावेत. गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबल्याशिवाय कला हाती येत नसे अशा काळात, कागदाच्या एका पानावरून शिकता येईल अशी चित्रभाषा त्याने घडवली.

ही कला नेमकी कशी चालते, हे समजल्याशिवाय शोनगाउअरचे कर्तृत्व ध्यानात येणे कठीण आहे. युरोपात चित्रे छापण्याची जुनी रीत लाकडी ठशांची होती. तीत सपाट लाकडावर चित्र रेखाटून रेषांच्या भोवतालचे लाकूड कोरून काढले जाई, त्यामुळे रेषा उंचवट्यासारख्या शिल्लक राहत आणि शाई त्यांच्या माथ्यावर लागे. ताम्रपत्र्याच्या उत्कीर्णनात, म्हणजे कोरीव मुद्राचित्रणात, सारे उलट असते. येथे रेषा हाच खोलगट चर असतो. गुळगुळीत घासलेल्या पत्र्यावर पोलादी कोरणी तळहाताने पुढे रेटत नेली, की तांब्याचा बारीक कीस निघतो आणि मागे स्वच्छ चर उरतो. वळणदार रेषा काढताना कोरणी फारशी फिरवली जात नाही. गादीवर ठेवलेला पत्राच दुसऱ्या हाताने फिरवला जातो. कोरणीवरचा दाब वाढला की चर खोल आणि रुंद होतो, दाब कमी होत गेला की तो निमुळता होत संपतो. चरांच्या कडेला उठलेली तांब्याची धार खरवडून काढल्यावर पत्र्यावर शाई चोपडतात, पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात आणि ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांमधून जोराने दाबून काढतात. तेव्हा चरांत उरलेली शाई कागदावर उतरते. जुन्या दानपत्रांच्या ताम्रपटांवर अक्षरे कोरणाऱ्याचे कामही बाह्यतः असेच असले, तरी तेथे कोरलेला पत्रा हाच अंतिम लेख असे; मुद्राचित्रात पत्रा हे केवळ साधन ठरते आणि त्यावरचे सारे चित्र कागदावर उजव्याचे डावे होऊन उमटते.

सोने-चांदीच्या भांड्यांवर व शस्त्रांवर नक्षी कोरणाऱ्या सोनारांना कोरणी अर्थातच नवी नव्हती. कागद मुबलक होऊ लागल्यावर, कोरलेल्या नक्षीची नोंद राहावी म्हणून त्यांनी चरांत काजळी भरून तिचे ठसे काढले असावेत आणि त्यातूनच ही कला जन्मली असावी, असे सामान्यतः मानले जाते. १४३० च्या सुमारास ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात तिचे पहिले नमुने दिसू लागतात. पक्षी, हरणे, फुले आणि रानमाणसे यांची चिन्हे असलेले खेळायचे पत्ते कोरणारा एक अनामिक कलावंत या पहिल्या पिढीतला मानला जातो. त्यानंतरच्या पिढीतील प्रमुख कलावंताचेही पूर्ण नाव ज्ञात नाही. त्याने काही पत्र्यांवर ‘ई’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरे कोरली, म्हणून तो ‘मास्टर ई. एस.’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कामाचा काळ साधारणपणे १४५० ते १४६७ असा आहे आणि तीनशेहून अधिक मुद्राचित्रे त्याच्या नावावर आहेत. तांब्यावर छाया दाखवण्यासाठी समांतर आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचा वापर त्याने पुष्कळ वाढवला. तरीही त्याच्या चित्रांत सोनाराची नजर कायम आहे: प्रत्येक जागा अलंकाराने भरण्याची ओढ, कापडाच्या टोकदार, काहीशा कडक घड्या, आणि खोलीपेक्षा पृष्ठभागाकडे अधिक लक्ष. शोनगाउअरला हा वारसा मिळाला आणि तो त्याच्या पुढे गेला.

शोनगाउअरचा जन्म आल्सास प्रांतातील कोल्मार या गावी झाला. हा प्रांत आज फ्रान्समध्ये असला, तरी त्या काळी तो जर्मन भाषक असून पवित्र रोमन साम्राज्याचा भाग होता. त्याच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असून ते सामान्यतः १४४५ ते १४५३ या दरम्यान मानले जाते. त्याचे वडील कास्पर हे आउग्सबुर्गहून आलेले सोनार होते आणि १४४५ मध्ये त्यांना कोल्मारचे नागरिकत्व मिळाले होते. कास्पर, पाउल आणि गेओर्ग हे त्याचे भाऊ वडिलांच्याच धंद्यात राहिले, तर लुडविग हा चित्रकार झाला. मार्टिनचे नाव १४६५ मध्ये लाइपझिग विद्यापीठाच्या पटावर आढळते. वडिलांची इच्छा त्याला धर्मसेवेत किंवा विद्वानांच्या व्यवसायात घालण्याची असावी, असा तर्क यावरून केला जातो. मात्र तेथे तो फार काळ रमला नाही. त्यानंतर तो बर्गंडीकडे गेल्याचे दिसते, कारण बोन येथील रुग्णालयासाठी रोगिअर फान डेर वायडन या फ्लेमिश चित्रकाराने रंगवलेल्या अंतिम न्यायाच्या भव्य वेदीचित्रातील ख्रिस्ताची त्याने केलेली रेखाटन-प्रत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वेदीचित्र म्हणजे चर्चमधील पूजावेदीच्या मागे उभारलेले, बहुधा उघडझाप करणाऱ्या दारांचे चित्र. नेदरलँड्सच्या चित्रकारांकडून शोनगाउअरने दोन गोष्टी घेतल्या: दगड, कापड, धातू, केस अशा प्रत्येक वस्तूचा पोत निराळा दाखवण्याचा आग्रह, आणि शोक किंवा भक्ती यांसारखी भावना मोजक्या हावभावांतून व्यक्त करण्याची रीत.

चित्रकार म्हणूनही त्याची ख्याती मोठी होती. कोल्मारच्या संत मार्टिन चर्चसाठी त्याने १४७३ मध्ये रंगवलेली ‘गुलाबवेलीखालील मेरी’ ही त्याची एकमेव दिनांकित चित्रकृती आहे. सोनेरी पार्श्वभूमी, गुलाबाचा ताटवा, त्यात बसलेले पक्षी आणि मांडीवर बाळ घेतलेली लाल वस्त्रातील मेरी अशी तिची मांडणी आहे. मूळ चित्र आणखी मोठे होते. पुढे त्याच्या कडा कापल्या गेल्या, हे बोस्टनमधील एका जुन्या लहान प्रतीवरून कळते. १९७२ मध्ये हे चित्र चोरीला गेले आणि पुढच्या वर्षी सापडले. आता ते कोल्मारमधीलच डोमिनिकन चर्चमध्ये आहे. या चित्रातील तांबड्या पिओनी फुलांशी जुळणारे, जलरंगांत केलेले एक अभ्यासचित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्ष फूल समोर ठेवून त्याच्या पाकळ्यांचे आणि पानांचे वळण टिपण्याची ही सवय त्याच्या कोरीव कामातही दिसते. आयुष्याच्या अखेरीस तो ऱ्हाईनपलीकडच्या ब्रायझाख या गावी स्थायिक झाला आणि तेथील चर्चच्या भिंतींवर अंतिम न्यायाचे प्रचंड भित्तिचित्र काढू लागला. त्याचे पुसट अवशेष आजही पाहावयास मिळतात. २ फेब्रुवारी १४९१ रोजी, पन्नाशीही न गाठता, तो ब्रायझाख येथेच मरण पावला.

रंगीत चित्रे ज्या चर्चसाठी काढली तेथेच राहिली, परंतु मुद्राचित्रे दूरवर गेली आणि शोनगाउअरची कीर्तीही मुख्यतः त्यांच्यावरच उभी राहिली. त्यांतील सर्वांत गाजलेले चित्र १४७० नंतरच्या काही वर्षांत कोरलेले ‘संत अँथनीचा छळ’ हे होय. इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास करणाऱ्या या तापसाला सैतानाचे दूत छळतात, अशी ख्रिस्ती संतचरित्रांतील कथा आहे. शोनगाउअरने संताला जमिनीपासून उंच, अधांतरी दाखवले आहे आणि त्याच्याभोवती विचित्र प्राण्यांचे कडे केले आहे. कुणाला माशाचे खवले आहेत, कुणाला वटवाघळाचे पंख, कुणाच्या अंगावर काटे, तर कुणाचे नाक सोंडेसारखे लांबलेले. कुणी संताची दाढी-केस ओढतो, कुणी वस्त्र फाडतो, कुणी दंडुका उगारतो. या सगळ्या गदारोळाच्या मध्यभागी संताचा चेहरा मात्र थकलेला पण अविचल आहे. खालच्या कोपऱ्यातील खडकाचा तुकडा सोडल्यास पार्श्वभूमी जवळजवळ कोरी आहे, त्यामुळे ही आकृत्यांची वर्तुळाकार गाठ कागदावर तरंगते आहे असे वाटते.

या चित्रातील रेषा जवळून तपासल्यास शोनगाउअरच्या पद्धतीचा उलगडा होतो. खवल्यांसाठी तुटक, छोट्या कमानदार रेषा, लोकरीसारख्या केसांसाठी बारीक कुरळे फटकारे, कातडी पंखांसाठी ताणलेल्या लांब रेषा आणि संताच्या झग्यासाठी घडीच्या फुगवट्यावरून वळसा घेत जाणाऱ्या समांतर रेषा अशी प्रत्येक पोताची वेगळी योजना आहे. छायारेखन, म्हणजे जवळजवळ काढलेल्या रेषांच्या समूहातून सावलीचा भास निर्माण करणे, त्याच्या आधीही होते. परंतु त्या रेषा बहुधा सरळ असत आणि वस्तूच्या आकाराशी त्यांचा संबंध सैल असे. शोनगाउअरने छायेची रेषा वस्तूच्या गोलाईबरोबर वळवली, त्यामुळे तीच रेषा एकाच वेळी सावलीही दाखवते आणि आकारही. त्याने छायेच्या पायऱ्याही नियमित केल्या. हलक्या छायेला तुरळक रेषा, मध्यम छायेला दाट रेषा, गडद छायेला छेदणाऱ्या रेषांचे जाळे, आणि प्रकाश जेथे सर्वाधिक तेथे कोरा कागद, अशी ती श्रेणी आहे. काळी शाई आणि पांढरा कागद या दोहोंपलीकडे काहीही हाती नसताना करड्या रंगाच्या अनेक छटा डोळ्याला दिसू लागतात, त्या या शिस्तीमुळे.

मोठ्या रचना हाताळण्याचे सामर्थ्य ‘क्रूस वाहणारा ख्रिस्त’ या चित्रात प्रकट झाले आहे. सुमारे २९ सेंटिमीटर उंच आणि ४३ सेंटिमीटर रुंद असलेले हे मुद्राचित्र त्याच्या काळापर्यंतच्या उत्कीर्णनांत आकाराने सर्वांत मोठे समजले जाते. सैनिक, घोडेस्वार, बघे आणि कुत्री यांचा गजबजलेला जमाव वधस्थानाकडे निघाला आहे, आणि ओझ्याखाली कोसळलेला ख्रिस्त नेमका मध्यभागी, थेट पाहणाऱ्याकडे तोंड करून आहे. जमावातील कुणालाही त्याच्याकडे नीट पाहायला सवड नाही, त्यामुळे दुःखाचा एकमेव साक्षीदार होण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. ‘मेरीचा मृत्यू’ या चित्रात शय्येभोवती दाटलेले शिष्य, पुढे उभे केलेले नक्षीदार शमादान आणि पडद्यांच्या जड घड्या यांतून सोनाराचा मुलगा आणि नेदरलँड्सच्या चित्रांचा अभ्यासक हे दोघेही एकत्र दिसतात. ‘इजिप्तकडे पलायन’ या चित्रात देवदूत खजुराचे झाड वाकवत आहेत आणि जवळच कॅनरी बेटांवर वाढणारा ड्रॅगनवृक्ष आहे. जर्मन चित्रकाराकडून या परदेशी वनस्पतीचे इतके ओळखू येणारे चित्रण त्या काळात दुर्मीळच होते. पुढे आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने याच विषयावरील आपल्या लाकडी ठशात खजूर आणि ड्रॅगनवृक्ष ही जोडी पुन्हा वापरली.

यानंतरच्या कामात शोनगाउअरने आश्चर्यकारक संयम पत्करला. बायबलमधील दृष्टान्तावर आधारलेल्या ‘शहाण्या आणि मूर्ख कुमारिका’ या दहा चित्रांच्या मालिकेत प्रत्येक कुमारिका कोऱ्या कागदावर एकटी उभी आहे. एकीच्या हातातील दिवा उजळलेला, तर दुसरीचा उलटा आणि विझलेला. निसर्गदृश्य नाही, वास्तू नाही, गर्दी नाही. आकृतीचा तोल, वस्त्राची पडण आणि मानेचा कल एवढ्यावरच सारा आशय तोलून धरला आहे. ख्रिस्ताच्या यातनांवरील बारा चित्रांच्या मालिकेत गर्दी आणि हिंसा पुष्कळ असल्याने तेथे हा संयम वेगळ्या रीतीने दिसतो: छळणाऱ्यांचे चेहरे विकृत व हालचाली आक्रमक, पण ख्रिस्ताची आकृती शांत.

धार्मिक विषयांखेरीज इतर विषयही त्याने पत्र्यावर आणले. बाजाराला निघालेले शेतकरी कुटुंब, एकमेकांच्या झिंज्या ओढणारे सोनाराचे दोन उमेदवार, डुकरांचा कळप आणि पाठीवर अंबारी असलेला हत्ती अशी दृश्ये त्यात आहेत. पानाफुलांच्या वेलबुट्ट्यांचे नमुने, बिशपचा धर्मदंड आणि साखळ्यांनी टांगायची धूपदाणी ही चित्रे उघडच सोनारांसाठी आराखडे म्हणून उपयोगी पडणारी होती. त्यांतही धूपदाणीचे चित्र इतके स्वयंपूर्ण आहे, की एका निर्जीव वस्तूला पूर्ण चित्राचा विषय करण्याचे धाडस त्यात दिसून येते.

या सर्व ११६ पत्र्यांवर त्याने आपली मुद्रा कोरली: ‘एम’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरे आणि त्यांच्यामध्ये आकडीदार क्रूस. कागदावर ती सुलट यावी म्हणून पत्र्यावर उलटी कोरावी लागे, आणि हे काम तो प्रत्येक वेळी बिनचूक करत असे. एकाही मुद्राचित्रावर त्याने वर्ष घातलेले नाही. तथापि सुरुवातीच्या मोजक्या चित्रांत ‘एम’चे पाय उभे सरळ आणि नंतरच्या चित्रांत तिरपे असल्यामुळे, त्या आधारे अभ्यासकांनी त्याच्या कामाचा क्रम लावला आहे. या मुद्रेचा अर्थ केवळ सहीपुरता मर्यादित नव्हता. चर्च किंवा सरदार यांच्या मागणीवरून काढलेल्या चित्राला गिऱ्हाईक आधीच ठरलेले असे. मुद्राचित्राचा ठसा मात्र जत्रेत किंवा यात्रास्थळी अनोळखी माणसाला विकला जाई, आणि तेथे कर्त्याची ओळख पटवण्याचे काम ही दोन अक्षरे करत. ऱ्हाईनकाठची स्ट्रासबर्ग, बाझेल ही शहरे त्या काळी कागद, छपाई आणि व्यापार यांची केंद्रे होती. अवघ्या दीड-दोन दशकांपूर्वी माइंझ येथे गुटेनबर्गने बायबल छापले होते. छापील पुस्तकांबरोबर छापील चित्रांनाही वाटा मोकळ्या झाल्या होत्या.

त्याच्या कीर्तीचे पहिले लक्षण म्हणजे त्याच्या चित्रांच्या नकला. बोखोल्ट येथील सोनार आणि उत्कीर्णक इझ्राहेल फान मेकेनेम याने त्याच्या चित्रांच्या कितीतरी प्रती नव्या पत्र्यांवर कोरून स्वतःच्या नावाने विकल्या. तांबे मऊ असल्याने काही शेकडा ठशांनंतर पत्र्यावरील बारीक चर झिजतात. अशा नकलांमुळे मूळ पत्रे झिजल्यावरही त्याच्या रचना बाजारात राहिल्या. कोरीव कामाची ही पाने शिल्पकारांच्या कार्यशाळांतही पोहोचली. तिलमान रीमेनश्नायडर याने म्यूनरश्टाट येथील वेदीसाठी १४९० ते १४९२ या काळात लाकडात कोरलेल्या उठावशिल्पांतील काही दृश्यांची रचना शोनगाउअरच्या मुद्राचित्रांवरून घेतली आहे. १५०५ मध्ये आल्सासचा विद्वान याकोब विम्फेलिंग याने जर्मनांच्या इतिहासावरील ग्रंथात त्याची चित्रे इटली, स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंडपर्यंत नेली जात असल्याचे नमूद केले.

इटलीतील प्रभावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मायकेलअँजेलोचे आहे. त्याचे चरित्रकार कोंदिवी आणि वासारी यांच्या सांगण्यानुसार, कोवळ्या वयात त्याने ‘संत अँथनीचा छळ’ या मुद्राचित्रावरून रंगीत चित्र काढले आणि राक्षसांच्या अंगावरील खवले खरे दिसावेत म्हणून मासळीबाजारात जाऊन माशांचे रंग व आकार न्याहाळले. टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालयाने २००९ मध्ये मिळवलेले एक लहान चित्र हेच असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. फ्लॉरेन्ससारख्या कलानगरीतील होतकरू मुलाला आल्प्सपलीकडच्या उत्कीर्णकाचे पान सरावासाठी योग्य वाटावे, यातच त्या पानाची पत दिसते.

परंतु त्याचा खरा वारसदार ठरला न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर. सोनाराच्याच घरात जन्मलेल्या ड्यूररने भ्रमंतीच्या वर्षांत, १४९२ मध्ये, कोल्मार गाठले तेव्हा शोनगाउअरला जाऊन वर्ष उलटले होते. त्याच्या भावांनी तरुण पाहुण्याचे स्वागत केले. पुढे ड्यूररच्या संग्रही शोनगाउअरची रेखाटनेही होती आणि त्यांच्यावर त्याने स्वतःच्या हाताने नोंदी केल्या आहेत. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरीही ड्यूररच्या सुरुवातीच्या ताम्रचित्रांतील वळणदार छायारेषा, पोतांची वेगवेगळी योजना आणि मुद्रेची शिस्त हे सर्व शोनगाउअरच्या पानांवरून शिकलेले आहे. त्यावर इटालियन प्रमाणशास्त्राची आणि स्वतःच्या प्रतिभेची भर घालून त्याने १५१३-१४ मध्ये ‘शूरवीर, मृत्यू आणि सैतान’ व ‘मेलंकोलिया’ यांसारखी ताम्रचित्रे घडवली, ज्यांत रेषांची तीच श्रेणी तिच्या कमाल क्षमतेपर्यंत ताणली गेली आहे.

या परंपरेचा एक धागा भारतापर्यंतही येतो. गोव्याहून निघालेले जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे पहिले शिष्टमंडळ १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला पोहोचले आणि त्याने अकबराला उत्कीर्ण चित्रे असलेले अँटवर्पमध्ये छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. अशी युरोपीय पाने मोगल चित्रशाळेत येऊ लागल्यावर चित्रकारांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. अबुल हसन या पुढे जहांगीराच्या दरबारात नावाजलेल्या चित्रकाराने १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११ मधील ताम्रचित्रातील संत जॉनची आकृती काढली. ती आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. शोनगाउअरची पाने मोगल दरबारात आली होती असे यावरून म्हणता येत नाही. परंतु वस्त्रांच्या घड्यांना छायारेषांनी गोलाई देण्याची जी पद्धत त्या मुलाच्या डोळ्यांसमोर होती, ती ड्यूररच्या आधी कोल्मारमध्ये पक्की झाली होती.

पुढील शतकांत ड्यूररच्या कीर्तीपुढे शोनगाउअर काहीसा मागे पडला. वासारीसारख्या इतिहासकारालाही त्याच्याविषयी नेमकी माहिती नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्याच्या कामाचे पद्धतशीर सूचीकरण आणि पुनर्मूल्यमापन सुरू झाले. कोल्मारमध्येच जन्मलेला आणि पुढे न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यामुळे जगप्रसिद्ध झालेला शिल्पकार बार्थोल्डी याने १८६३ मध्ये त्याचे स्मारक उभारले. इझेनहाइम येथील मठासाठी शोनगाउअरने रंगवलेली वेदीची दारे आज कोल्मारच्या उंटरलिंडन संग्रहालयात आहेत. तेथून जवळच मांडलेले चित्रकार ग्र्यूनेवाल्डचे प्रचंड वेदीचित्रही त्याच मठासाठी, सुमारे चार दशकांनंतर, रंगवले गेले होते.

शोनगाउअरच्या आधी उत्कीर्णन हे कौशल्य होते. त्याच्यानंतर ती एक परंपरा झाली. कौशल्य कारागिराबरोबर संपते. परंपरेला मात्र दुसऱ्याला शिकवता येण्याजोगे नियम आणि ते वाहून नेणारे माध्यम लागते. शोनगाउअरने हे दोन्ही एकत्र आणले. ड्यूररची उंची त्याच्याहून मोठी आहे यात शंका नाही, पण ज्या पायरीवरून ती गाठली गेली ती पायरी कोल्मारच्या सोनाराच्या मुलाने कोरली होती, आणि युरोपीय मुद्राचित्रकलेच्या कोणत्याही गंभीर इतिहासाची सुरुवात त्याच्या त्या ११६ पत्र्यांपाशी थांबल्याशिवाय करता येत नाही.